गुळवेल, युरिक ॲसिड आणि १२२ वनस्पती

मागच्या श्रावणात मामांचा फोन आला. मामा कळंब तालुक्यातले, अठ्ठावन्न वर्षांचे, दोन एकर सोयाबीन आणि चार शेळ्या. "पोरी, अंगठा असा ठणकायलाय की वरून पंख्याचं वारं लागलं तरी सोसंना. रात्री चादर टाकू देत नाही." उजव्या पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला. कुठल्याशा लॅबमधून रक्त तपासून आणलेलं, युरिक ॲसिड ८.९. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मामेभावाने व्हॉट्सॲपवर पाच-सहा फाईली पाठवल्या. सगळे शोधनिबंध. खाली त्याची ओळ: "ताई, रिसर्चनं सिद्ध झालंय, गुळवेल आणि निर्गुडीनं युरिक ॲसिड उतरतं. गोळ्या कशाला?"

या ब्लॉगवर मी साधारणपणे एखादा पेपर घेते आणि तो सोपा करून सांगते. आज तसं करणार नाहीये. त्या फाईलींतल्या एकाचंही नाव देत नाही, कारण माझी तक्रार कुठल्या एका पेपरशी नाही, ती त्या जातीशी आहे. आणि जात माझीच आहे. माझी पीएच.डी. औषधी वनस्पतींवर चाललीय, त्यामुळे घरचं उणं काढतेय असं समजा.

आधी थोडं मूळ. आपल्या पेशी मरतात, जुन्या होतात, जेवणातून मांस-मासे येतात, त्या सगळ्यातून प्युरिन नावाचे रेणू सुटतात. त्यांचा शेवटचा टाकाऊ माल म्हणजे युरिक ॲसिड. झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तो तयार करतं. साधारण दोन तृतीयांश माल मूत्रपिंडातून बाहेर जातो, उरलेला आतड्यातून. रक्तात ६.८ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या आसपास गेलं की ते विरघळलेलं राहायला नाखूश असतं, सुईसारखे स्फटिक होऊन सांध्यात बसतं, आणि थंड जागा त्याला जास्त आवडते. पायाचा अंगठा शरीरापासून सगळ्यात लांब आणि थंड. एक दिवस पांढऱ्या पेशींना ते स्फटिक दिसतात आणि रात्री दोन वाजता आग लागते. हा गाऊट.

आता फाईली. त्यातल्या अर्ध्या नळीतल्या होत्या. पद्धत अशी: नळीत झँथिन घ्यायचं, एन्झाइम घालायचं, वर पाल्याचा अर्क टाकायचा, आणि किती युरिक ॲसिड बनलं ते प्रकाश किती शोषला जातो त्यावरून मोजायचं. कमी बनलं की अर्क 'गुणकारी'. एन्झाइमचं काम निम्म्यावर आणायला अर्काचं जेवढं प्रमाण लागतं त्याला आयसी-५० म्हणतात. आकडा जितका लहान, तितका पेपर मोठा.

मी पहिल्या वर्षी हेच केलं. जे अर्क तपासले त्यातले निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह आले. मी हरखून गाईड मॅडमकडे गेले. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाल्या, "उद्या चहाची पूड टाकून बघ." टाकली. चहाही पॉझिटिव्ह! माझ्या दोन वनस्पतींपेक्षा चांगला.

यात चहाची काही जादू नाही. टॅनिन हे प्रथिनांना चिकटणारं द्रव्य आहे, म्हणूनच बाभळीची साल कातडं कमवायला वापरायचे. एन्झाइम हे प्रथिनच. भरपूर टॅनिनचा अर्क टाकला की बिचारं एन्झाइम कातड्यासारखं कमावलं जातं, ते झँथिन ऑक्सिडेज असो की दुसरं कुठलं. तुम्ही औषध शोधलेलं नसतं, एन्झाइम बिघडवलेलं असतं. शहाणे लोक टॅनिन काढून टाकून पुन्हा तपासतात. मामेभावाने पाठवलेल्यांत कुणी तसं केलेलं मला दिसलं नाही.

हे माझ्या चहापुरतं नाही. २००० साली कोंग आणि सहकाऱ्यांचा एक निबंध 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी'त आला. गाऊट आणि तत्सम विकारांसाठी चिनी परंपरेत वापरल्या जाणाऱ्या १२२ वनस्पती त्यांनी तपासल्या. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात त्यातल्या ६९ वनस्पतींनी एन्झाइमला काही ना काही अडवलं. ६९! म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रमाण ५० वर आणलं तर आणखी कमी उरल्या, आणि त्यातल्या काहींनीच एन्झाइमचं काम निम्म्याखाली नेलं. सगळ्यात जोरदार निघाली दालचिनीच्या जातीच्या झाडाची कोवळी फांदी, आयसी-५० साधारण १८. त्याच बाकावर ॲलोप्युरिनॉलचा आकडा एकच्या आसपास होता. लेखकांचा प्रामाणिकपणा असा की ॲलोप्युरिनॉल त्यांनी तक्त्यात ठेवलं. पण नंतर जगभर या पद्धतीची जी लाट आली, तिच्यात हा मूळ धडा वाहून गेला. जी चाळणी निम्म्याहून जास्त धान्य वर ठेवते ती चाळणी नव्हे.

बरं, अर्क खरंच गुणाचा आहे असं धरू. नळीतला ५० मायक्रोग्रॅमचा आकडा शरीरात आणायचा तर? मामांसारख्या माणसाच्या अंगात चाळीसेक लिटर पाणी असतं. लिटरला ५० मिलिग्रॅम धरले तर २ ग्रॅम अर्क रक्तामांसात विरघळलेला हवा, पोटात नुसता गेलेला नव्हे. दहा टक्के उतारा धरला तर हे वीस ग्रॅम वाळक्या पाल्याचं सत्त्व, तेही आतड्याने सगळंच्या सगळं शोषलं आणि यकृताने एक कणही बदलला नाही तर. प्रत्यक्षात ज्या फ्लेव्होनॉइडांच्या जिवावर हे अर्क काम करतात त्यांचा बराचसा भाग शोषलाच जात नाही आणि जो जातो तो यकृतात रूप बदलतो. हा माझा हिशोब ढोबळ आहे, पण पाकिटामागे कुणी तरी करायला हवा तेवढा तरी आहे. पेपरच्या शेवटच्या परिच्छेदात तो नसतो. तिथे असतं: "या वनस्पतीचा पारंपरिक वापर शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध होतो."

तुलनेला एक चांगलं काम सांगते. क्वेर्सेटिन हे कांद्यातलं फ्लेव्होनॉइड, नळीत झँथिन ऑक्सिडेजला अडवणारं. २०१६ साली शी आणि विल्यमसन यांनी ब्रिटनमध्ये २२ निरोगी पुरुषांवर, ज्यांचं युरिक ॲसिड वरच्या बाजूला होतं, चार आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन विरुद्ध खोटी गोळी अशी चाचणी केली. प्रत्येकाला दोन्ही मिळालं, कुठलं कधी हे कुणालाच माहीत नव्हतं. युरिक ॲसिड खरंच उतरलं. किती? आपल्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे ०.४५. मामांचं ८.९ आहे आणि स्फटिक विरघळायला ते ६ च्या खाली जायला हवं. म्हणजे तिनाचं अंतर आहे आणि आपण अर्धं पाऊल चाललो. (तेवढं क्वेर्सेटिन कांद्यातून घ्यायचं तर दीड-दोन किलो कांदा रोज.) मला हा पेपर फार आवडतो, कारण त्याने लहान प्रश्न नीट विचारला आणि लहान उत्तर लहानच ठेवलं.

उंदरांचं थोडक्यात. उंदराकडे युरिकेज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिक ॲसिडचे पुढे तुकडे करतं. आपल्या पूर्वजांनी ते लाखो वर्षांपूर्वी गमावलं, म्हणून गाऊट माणसाच्या वाट्याला आला. उंदराला 'माणूस' करायचं तर पोटॅशियम ऑक्सोनेट टोचून ते एन्झाइम काही तास बंद पाडतात. त्या काही तासांत पाल्याचा अर्क देतात आणि आकडा खाली आला की आनंद. पण त्या उंदराला ना स्फटिक झालेत, ना मूत्रपिंड थकलंय, ना तो दहा वर्षं बीपीची गोळी खातोय. शिवाय आणखी एक गंमत: गाऊटच्या दहातल्या नऊ रुग्णांचा मूळ दोष जास्त बनण्याचा नसतो, कमी बाहेर जाण्याचा असतो. आणि आपले बहुतेक पेपर बनण्याच्या एन्झाइमला चिकटून बसलेत. ॲलोप्युरिनॉलही तिथेच काम करतं आणि रुग्णाला उपयोगी पडतं हे खरं, पण ते तेवढ्या जोराने करतं.

आता माणसांवरचे. यांच्याबद्दल लिहिताना हात जरा आखडतो, कारण हे आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, पैसे नसतात, वेळ दीड वर्ष, आणि रुग्ण टिकवणं म्हणजे काय हे मला माहितीय. साचा असा: तीस रुग्ण एका गटात, तीस दुसऱ्यात. एकाला गुळवेलीचा काढा, दुसऱ्याला कैशोर गुग्गुळ. महिना-दीड महिना. वेदना, सूज, लाली यांना शून्य ते तीन गुण. शेवटी दोन्ही गटांत 'लक्षणीय सुधारणा'. निष्कर्ष: दोन्ही औषधं गुणकारी.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, मामांसाठी ती जीव की प्राण आहे. गाऊटचा झटका काही केलं नाही तरी आठ-पंधरा दिवसांत उतरतो. माणूस दवाखान्यात येतो कधी? सगळ्यात जास्त दुखतं तेव्हा. त्या दिवशी काढा दिला काय, मंतरलेला दोरा बांधला काय, पुढच्या आठवड्यात बरं वाटणारच. आता त्याला लागून दुसरी खोच: झटका चालू असताना बऱ्याच जणांचं रक्तातलं युरिक ॲसिड नेहमीपेक्षा कमी दिसतं. म्हणजे तेव्हा मोजलेला आकडा भरवशाचा नाही, आणि ज्याचा आकडा एकदा फार वर दिसला त्याचा पुढच्या वेळी काहीसा खाली येण्याचा कल असतोच. यातून औषधाचा गुण वेगळा काढायचा तर खोटं औषध घेणारा, पण बाकी सगळं तसंच असलेला गट लागतो. दोन्ही गटांना खरं औषध दिलं तर तुम्हाला फक्त एवढंच कळतं की महिना गेला.

आणि मोजायचं काय? पुढच्या वर्षभरात झटके किती आले. ते कुणीच मोजत नाही, कारण प्रबंध त्याआधी जमा करायचा असतो.

आता जो मुद्दा ऐकून माझे आयुर्वेदवाले मित्र चिडतात तो. सगळ्या प्रबंधांची पहिली ओळ असते: वातरक्त म्हणजे गाऊट. खरंच? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात एकोणतिसावा अध्याय वातरक्ताचा. खारट, आंबट, तिखट यांचा अतिरेक, दिवसाची झोप, घोडा-उंटावर बसून फिरणं, नाजूक सुखवस्तू प्रकृती ही कारणं, हातापायापासून सुरुवात, आढ्यवात म्हणजे श्रीमंतांचा वात असंही त्याचं एक नाव. इथवर वाचलं की गाऊटच डोळ्यांपुढे येतो, युरोपातही त्याला राजेरजवाड्यांचा रोग म्हणायचे. पण त्याच वर्णनात कातडीचा रंग बदलणं, खाज, बधिरपणा, टोचणी, अंगभर पसरत जाणं हेही येतं. त्यात रक्तवाहिन्यांचे आणि नसांचे आजकालचे दोन-चार आजार सहज बसतात. चरक उत्तान आणि गंभीर असे दोन प्रकार करतो. सुश्रुत म्हणतो तसं नाही, तो वर सुरू होऊन आत उतरतो, कुष्ठासारखा. म्हणजे जुने लोक या रोगाच्या रूपावर एकमेकांशी भांडत होते. आम्ही दोन हजार वर्षांनी एका बरोबरच्या चिन्हाने भांडण मिटवलं आणि खाली युरिक ॲसिडचा तक्ता लावला. ज्या वैद्याने त्या वर्णनातला रुग्ण बरा केला असेल त्याच्यावरही हा अन्यायच आहे, कारण त्याचा रुग्ण कदाचित आपल्या प्रबंधात आलाच नसेल.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याच मातीतली. धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानात युनानीला मोठा मान. युनानीत गाऊटला निक्रिस म्हणतात आणि त्यावरचं ठरलेलं औषध सुरंजान. माजून सुरंजान अजूनही मिळतं. हे सुरंजान कोल्चिकम जातीच्या वनस्पतीचा कंद. त्याच घराण्यातली युरोपातली वनस्पती गाऊटवर वापरल्याची नोंद सहाव्या शतकातल्या ट्रॅलेसच्या अलेक्झांडरपर्यंत मागे जाते. १८२० मध्ये पेल्तिए आणि कावंतू या फ्रेंच रसायनज्ञांनी त्यातून सत्त्व वेगळं केलं, पुढे त्याला कोल्चिसिन नाव पडलं. आज गाऊटच्या झटक्यावर डॉक्टर जी गोळी लिहितात तीच ही. म्हणजे 'गोळी की जडीबुटी' हा वादच फसवा आहे. ती गोळी जडीबुटीच आहे.

आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाला जी कळलावी फुलते, लाल-पिवळ्या जळत्या पाकळ्यांची, तिच्या कंदात आणि बियांतही कोल्चिसिन असतं. तमिळनाडूत तिची शेती होते, बिया औषध कंपन्यांना जातात. आणि हीच कळलावी आयुर्वेदात लांगली नावाने उपविषांत मोजलेली. कंद खाऊन माणसं मेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. (हे वाचून कुणी कंद उकरायला जाऊ नका, हात जोडून सांगते. गुण आणि मरण यांत फार थोडं अंतर आहे.)

कोल्चिसिनच्या बाबतीत झालं काय, तर लोकांनी शेवटी योग्य प्रश्न विचारला: किती? पूर्वी जुलाब लागेपर्यंत तासातासाला गोळी द्यायचे. २०१० मध्ये टर्केल्टॉब आणि सहकाऱ्यांची १८४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला सहा तासांत ४.८ मिलिग्रॅम, दुसऱ्याला तासाभरात १.८, तिसऱ्याला खोटी गोळी. आराम पडला तो अनुक्रमे साधारण ३३, ३८ आणि १६ टक्के लोकांना. जुलाब मोठ्या डोसात ७७ टक्क्यांना, लहान डोसात २३. शतकानुशतकं वापरातलं औषध, आणि निम्म्याहून कमी मात्रेत तेवढंच काम करतं हे कळायला २०१० उजाडलं. आणि दुसरं पाहा, जगातल्या या खात्रीच्या औषधानेही दहातल्या चारांनाच चोवीस तासांत नीट आराम दिला. मग "गुळवेलीने ९० टक्के रुग्णांत उत्तम परिणाम" असं कुठे वाचलं तर मी आधी पद्धतीचं पान उघडते.

गुळवेलीचं. लिंबावरची गुळवेल आमच्याकडे घरोघर. आजी तापात द्यायची, मीही प्यायलेय. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. सगळे गुळवेल घेत होते, करोनाच्या भीतीने. २०२१ मध्ये निबंध आला तेव्हा आयुष मंत्रालयाने तो दिशाभूल करणारा म्हटलं. एक आक्षेप असा की वनस्पती नीट ओळखलेली नाही, गुळवेलीऐवजी तिची दुसरी बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा, असू शकेल. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांचा निबंध आला. बऱ्याच जणांत स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. करोनात गुळवेल लाखो लोक प्यायले असतील, म्हणजे हा धोका सरसकट नाही, पण ज्यांना आधीच असा कल आहे त्यांच्यासाठी खरा आहे.

माझा राग मंत्रालयाच्या त्या आक्षेपावर नाही, आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. माझा राग यावर आहे की तोच आक्षेप गुणाच्या पेपरला कुणी घेत नाही. यकृत बिघडलं तर "वेल तीच होती कशावरून?" आणि युरिक ॲसिड उतरलं तर वेल तीच होती! आणि वनस्पती बदलली असेल असं एक मिनिट मान्य केलं, तरी बाजारातून वाळक्या कांड्या आणणाऱ्या माणसाला त्याने काय दिलासा? त्याने कसं ओळखायचं?

आता मामा. पहिला झटका उतरल्यावर त्यांनी तालुक्याच्या डॉक्टरांकडून ॲलोप्युरिनॉल सुरू केलं. दुसऱ्या महिन्यात घोटा सुजला. मामा म्हणाले, "गोळीनंच वाढवलं," आणि गोळी टाकली. इथे डॉक्टरांनी एक वाक्य सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही: युरिक ॲसिड उतरवायला लागलं की सांध्यात जुने बसलेले स्फटिक हलतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत झटके उलट वाढू शकतात. म्हणून सुरुवातीला तीन ते सहा महिने सोबत झटका रोखणारं औषध द्यायचं असतं, आणि डोस कमी ठेवून हळूहळू वाढवायचा असतो. बाहेर अर्धा तालुका बसलेल्या ओपीडीत हे वाक्य कुणाला सुचणार? पण जडीबुटीवाल्याकडे वेळच वेळ असतो. माझ्या मते गावातले लोक पालाकाढ्याकडे वळतात ते विश्वासाने कमी, या न सांगितलेल्या वाक्यामुळे जास्त.

मग मामांनी एका जत्रेतून पुड्या आणल्या. 'शुद्ध वनस्पती'. एका रात्रीत दुखणं गायब. मामी म्हणाली चमत्कार. महिन्याभराने तोंड सुजलं, साखर २८० वर गेली, जी आधी कधीच नव्हती. एका रात्रीत सांधा मोकळा करणारा पाला माझ्या माहितीत नाही. स्टेरॉइड मात्र ते करतं, आणि अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं सापडणं हे जगभर नवं नाही. पुडी संपली होती, तपासता आली नाही. त्यामुळे मी 'होतं' म्हणत नाही.

या सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला तो एका वैद्य बाईंनी. बीएएमएस, साधा दवाखाना. त्यांनी नाडी बघितली असेल नसेल, पण मामांना म्हणाल्या, "दादा, रोजच्या गोळ्यांची पाकिटं दाखवा." बीपीच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'एच' होता. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारं औषध, आणि ते युरिक ॲसिड चढवतं. बीपीसाठीच लोसार्टन नावाचं औषध आहे, ते उलट थोडं उतरवतं. बाईंनी चिठ्ठी लिहून बीपीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि आधी क्रिएटिनिन करून आणा म्हणाल्या. (आपापल्या मनाने कुणी 'एच'ची गोळी बंद करू नका. ती काहींना गरजेची असते.) पाच-सहा शोधनिबंधांत जे नव्हतं ते त्या एका प्रश्नात होतं.

दुसरं त्यांनी केलं ते डाळ परत सुरू. कुणीतरी मामांना तूर, हरभरा, पालक, टमाटे सगळं बंद करायला सांगितलं होतं. आमच्या भागात वरण काढून घेतलं तर ताटात राहतं काय, भाकरी आणि ठेचा. २००४ मध्ये चोई आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४७,१५० पुरुषांचा बारा वर्षांचा अभ्यास मांडला, त्यातल्या ७३० जणांना गाऊट झाला. सगळ्यात जास्त मांस खाणाऱ्या पाचव्या हिश्श्यात धोका ४१ टक्के जास्त, मासळीतही जास्त, पण प्युरिन असलेल्या भाज्या, डाळी-शेंगा यांचा काही संबंध दिसला नाही. आणि दूधदुभतं, विशेषतः कमी स्निग्धांशाचं, भरपूर घेणाऱ्यांत धोका ४४ टक्के कमी. म्हणजे डाळ बंद आणि मटण 'पांढऱ्या रश्श्याचं चालतं' हे पथ्य उलटं बसवलेलं आहे. उस्मानाबादी शेळीच्या मुलखात हे सांगणं अवघड जातं, मान्य. मामांना मी ताक सांगितलं, ते मात्र त्यांनी लगेच ऐकलं.

हे सगळं लिहून मी गुळवेलीला निकालात काढतेय असं नाही. उलट मला तिची एक खरी चाचणी हवी आहे. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्याला रुग्णालय जोडलेलं आहे, जिल्ह्यात गुळवेल आहे आणि रुग्णही आहेत. वेल एका वनस्पतीतज्ज्ञाने ओळखून तिचा नमुना जपून ठेवायचा. रुग्ण स्फटिक पाहून किंवा ठरलेल्या निकषांवर गाऊटचेच घ्यायचे, नुसत्या 'वातरक्त' नावावर नाही. सगळ्यांना आवश्यक तो नेहमीचा उपचार द्यायचाच, त्यावर अर्ध्यांना काढा आणि अर्ध्यांना काढ्याच्याच चवीचं काही. दर महिन्याला युरिक ॲसिड आणि यकृताच्या तपासण्या. वर्षभर झटके मोजायचे. गुण आला नाही तरी छापायचं. सहा महाविद्यालयांनी मिळून केलं तर रुग्णांची संख्याही भरेल, आणि साठ-साठ रुग्णांचे सहा वेगळे प्रबंध करायला जेवढा घाम जातो त्याहून फार जास्त जाणार नाही. मी हे एका परिषदेत म्हणाले तेव्हा एक सर म्हणाले, "मग विद्यार्थ्याला डिग्री कधी मिळणार?" प्रश्न रास्त होता. माझीही याच चौकटीत मिळणार आहे.

मामांचं युरिक ॲसिड गेल्या महिन्यात ५.७ आलं. ॲलोप्युरिनॉल पुन्हा सुरू केलं, यावेळी कमी डोसापासून. बीपीची गोळी बदलली. साखर खाली आली पण पूर्ण नाही. मधे एकदा अंगठा पुन्हा दुखला, तेव्हा त्यांनी मला फोन करून विचारलं, "हे तू सांगितलेलंच दुखणं ना, स्फटिक हलल्याचं?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, बांधावरच्या लिंबावर गुळवेल मोठी झालीय, काढून टाकू का. मी म्हटलं, राहू द्या की मामा, तिनं काय केलंय तुमचं. मामेभावाने त्या दिवसापासून पेपर पाठवायचे थांबवलेत, पण परवा एक व्हिडिओ पाठवलाय, अजून बघितला नाही.